भट्टीबाई आणि पलीकडची कुंती

भट्टीबाईंना कोणी भांडखोर म्हटलं तर राग येत नसे. प्रेमळ म्हटलं असतं तर आला असता, पण तसं म्हणायची पाळी त्यांनी कधी कोणावर येऊ दिली नाही. दूधवाला त्यांच्या फाटकाशी आला की सायकलवरून उतरायच्या आधीच "माप बरोबर आहे हो, बाई" असं सांगून मोकळा होई. चेंडू त्यांच्या आवारात गेला की गल्लीतली मुलं तो मागायला येत नसत, सरळ नवा आणत.

नाव अर्थात लोकांनीच दिलेलं. एका मोठ्या इस्पितळाच्या लाँड्रीत त्यांनी उमेदीची सगळी वर्षं घालवली. चादरी, गाऊन, ऑपरेशनची हिरवी कापडं जिथे उकळतात त्या भट्टीवर त्या मुकादम होत्या. हाताखालच्या बायका म्हणत, इथे दोन भट्ट्या आहेत, त्यातली एक निदान रात्री तरी विझते. हे भट्टीबाईंच्या कानावर आलं होतं. त्यांना ते आवडलंही होतं.

निवृत्त झाल्यावर भांडायला लाँड्री उरली नाही, तेव्हा त्यांनी सगळा मोर्चा कुंतीकडे वळवला.

सासऱ्यांच्या जागेवर दोघा भावांनी दोन लहान घरं बांधली होती, स्वयंपाकघरासमोर स्वयंपाकघर. मधे नुसती तार होती. त्या तारेला लागून धाकट्या जावेने कुंतीची रोपं लावली. बागा करणारे लोक ही कुंती हौसेने लावतात. पानं बारीक, गर्द, तुकतुकीत. छाटाल तशी राहते. आणि मोकळी सोडली की पांढऱ्या फुलांनी अशी लगडते की वास गल्लीच्या टोकाला पोचतो. फुलं येतात ती कोवळ्या शेंड्यांना. शेंडे उडवले की फुलांचा प्रश्नच मिटला. हे भट्टीबाईंना पक्कं ठाऊक होतं. म्हणून तर दर आठवड्याला ऊन उतरलं की त्या मोठी कात्री घेऊन कुंपणाशी जात आणि आपली बाजू खालपासून हात पोचेल तिथवर भादरून काढत. त्यांच्या बाजूने ते कुंपण हिरवा रंग दिलेल्या भिंतीसारखं दिसे. पलीकडून मात्र ते ऐसपैस वाढलेलं, फांद्या हवेत सोडून बसलेलं.

"जाऊबाई, कात्री माझ्या बाजूला येतेय," पलीकडून आवाज येई.

"तुझ्या फांद्या माझ्या बाजूला आल्यात, ते आधी बघ."

"फांदीला काय कळतंय, कुठलं कोणाचं?"

"फांदीचं सोड. तुला तरी कुठे कळतंय!"

भांडण कितीही तापलं तरी धाकटी "अहो जाऊबाई" सोडत नसे आणि थोरली "अगं ए" सोडत नसे. धाकटी घरी शिवणकाम करायची, शाळांच्या गणवेशाचे पांढरे शर्ट, गठ्ठ्यांनी. तिचा नवरा ट्रकवर होता, महिन्यातले बरेच दिवस रस्त्यावर. त्यामुळे भांडणात मधे पडायला कोणी नव्हतं आणि भांडणं मनासारखी रंगत.

आता खरं काय ते सांगायला हवं. भट्टीबाईंना वास येत नव्हता. फुलांचा नाही, फोडणीचा नाही, जळक्याचा नाही, कशाचाच नाही. लाँड्रीतल्या ब्लीचने तो गेला की एका जबर सर्दीने, हे त्यांना स्वतःलाही सांगता आलं नसतं. सुरुवातीला त्यांनी त्याचा फायदाच करून घेतला. ज्या चादरींना बाकीच्या बायका नाक मुरडत, त्या भट्टीबाई हातात धरून शांतपणे झटकत. "एवढं काय त्यात?" म्हणत. साहेबांना वाटलं, काय बाई आहे! मुकादमी मिळाली ती त्यावरच. नाक गेलंय असं सांगितलं असतं तर हाती काय राहिलं असतं? त्या गप्प बसल्या आणि गप्पच राहिल्या. नवऱ्यालासुद्धा सांगितलं नाही.

नवरा पुढे अंथरुणाला खिळला. त्याची खाट त्यांनी खिडकीशी लावली, कुंपणासमोर. तेव्हा कुंती अजून दोन्ही बाजूंनी मोकळीच होती. ती फुलली की तो डोळे मिटून घेई.

"अहाहा! येतोय ना गं वास?"

"येतोय."

"धाकटीने एक काम मात्र झकास केलं हो."

भट्टीबाई तेव्हा त्याच्या पायाशी उभ्या राहून त्याची चादर बदलत होत्या. त्या चादरी त्या रोज उकळत, रोज वाळवत, त्याला कुशीवर वळवत, भरवत. त्याबद्दल तो कधी काही बोलला नाही, आणि त्यांनी तशी अपेक्षाही ठेवली नव्हती. पण शेवटच्या महिन्यांत माणसाला जे थोडं सुख मिळालं ते पलीकडून यावं, आणि ते नेमकं कसलं सुख आहे हेसुद्धा आपल्याला कळू नये? त्यांचा संताप संताप झाला. नवरा गेल्यावर, घर जरा रिकामं झाल्यावर, त्यांनी पहिली वस्तू विकत आणली ती ही कात्री.

घर मुलाच्या नावावर होतं. मुलगा दुसऱ्या शहरात राहायचा, उंच इमारतीत, सातव्या की आठव्या मजल्यावर. त्याने एकदाच आणि स्पष्ट सांगून टाकलं होतं. "आई, तू एकटी राहतेस, राहा. पण विसरायला लागलीस, दिसेनासं झालं, काही म्हणजे काहीही झालं, तर मी ऐकणार नाही. घर विकून टाकीन आणि तुला घेऊन जाईन." मुलगा वाईट नव्हता. शब्दाचा पक्का होता, आणि भट्टीबाईंना भीती होती ती त्याचीच. त्या वरच्या मजल्यावरच्या घरात एकदा राहून आल्या होत्या. सूनबाई गोड बोलायची, सगळं हातात आणून द्यायची. भांडायला काही जागाच नव्हती. आठवडाभरात त्या आजारी पडल्या.

तर अशी सगळी तऱ्हा, आणि त्यात एक दिवस दूध उतू गेलं. गॅस विझला, बटण तसंच उघडं, आणि भट्टीबाई शेजारच्या खोलीत कपड्यांच्या घड्या घालत बसलेल्या. पलीकडे वास जाताच धाकटी धावली, फाटकाने वळसा घालायलाही थांबली नाही. तार वाकवत कुंपणात घुसली, फांद्या मोडत सरळ आत आली, बटण बंद केलं, खिडक्या धाडधाड उघडल्या.

"वास नाही आला तुम्हाला?"

"सर्दी झालीय मला."

धाकटीने त्यांच्याकडे पाहिलं. डोळे कोरडे, आवाज खणखणीत, नाक साफ. ती आली तशी मोडलेल्या फांद्यांतून परत गेली, आणि कुंपणात एक खिंडार पडलं ते पडलंच.

तेव्हापासून पलीकडून हाका सुरू झाल्या. "जाऊबाई, दूध!" "जाऊबाई, करपतंय तुमचं!" "अहो, इस्त्री बघा, नाक काय गहाण ठेवलंय?" भट्टीबाई उठत, बंद करत आणि वर तोंडभर शिव्या देत. "स्वतःच्या घरात लक्ष घाल की! माझ्या पातेल्यात काय डोकावतेस?" ही बाई आपल्याला चिडवते आहे, आपलं गुपित मुठीत धरून मजा बघते आहे, याबद्दल त्यांच्या मनात तिळमात्र शंका नव्हती. आज हाका मारते, उद्या मुलाच्या कानात सांगेल. मधे भिंत हवी. आवाज येणार नाही आणि त्या बाईचं नाकही येणार नाही अशी, पक्की, वरपर्यंत.

पण भिंत घालायला मुलाला कारण सांगावं लागणार. आणि कारण भट्टीबाईंनी असं शोधलं की स्वतःवरच खूष झाल्या. कुंतीच्या वासाने आपलं डोकं उठतं! यात भिंतीची सोय झाली आणि नाक शाबूत असल्याचा पुरावाही. मुलगा आला की त्या कपाळाला फडकं बांधून बसत. "त्या वासाने जीव नकोसा झालाय रे."

यात अडचण एकच. कुंती कधी फुलली हे कळायचं कसं? ती मनाला येईल तेव्हा एकदम बहरते आणि दुसऱ्या दिवशी सगळी फुलं जमिनीवर. स्वतःच्या बाजूला तर त्यांनी कळी धरू दिली नव्हती. मग त्या आदल्या संध्याकाळी खिंडारातून डोकावून बघत, सकाळी कुंपणाखाली पांढऱ्या पाकळ्या पडल्यात का ते बघत, आणि त्या मानाने डोकं दुखवून घेत. मुलगा यायच्या दिवशी फुलं नसली तर नुसतं म्हणत, "आज जरा बरं आहे." एवढी शिस्त लाँड्रीतही त्यांनी पाळली नव्हती.

आणि एका रविवारी घोटाळा झाला. मुलगा संध्याकाळी येणार म्हणाला होता, उगवला सकाळीच. फाटकाची कडी वाजली तेव्हा भट्टीबाई अंथरूण आवरत होत्या. चष्मा कुठे ते सापडेना. खिडकीतून पाहिलं तर कुंपणाखाली पांढरं पांढरं पसरलेलं. झालं, फुललीय! त्यांनी उशाचं फडकं उचललं, कपाळाला करकचून बांधलं आणि दारात बसकण मारली.

"मेले रे मेले. सकाळपासून डोकं फुटतंय त्या वासाने."

मुलाने पिशवी ठेवली. हवेत नाक वर करून पाहिलं. मग कुंपणाशी गेला, वाकला, आणि चिमटीत काहीतरी घेऊन आला.

"आई, ही फुलं नाहीत. कातरण आहे. काकूंच्या शर्टांच्या चिंध्या, वाऱ्याने आल्यात."

भट्टीबाईंनी कपाळावरचं फडकं सारखं केलं. त्या म्हणाल्या, "खाली नसतील. वर असतील."

"वास येतोय तुला?"

"येतोय म्हणजे काय, नाकात भरलाय."

"मला नाही येत." तो त्यांच्याकडे बघत राहिला. रागाने नाही, आणि त्याचाच त्यांना धसका बसला. इस्पितळात डॉक्टर रोग्याकडे असे बघताना त्यांनी पुष्कळदा पाहिले होते. मग तो वळला आणि त्याने खिंडाराशी जाऊन हाक मारली. "काकू! जरा या."

मशीन थांबलं. धाकटी आली, गळ्यात मापाची टेप, ओठांत टाचणी. ती काढून तिने ब्लाउजला टोचली.

"काकू, कुंती फुललीय का तुमच्या बाजूला?"

धाकटीने एकदा त्याच्याकडे पाहिलं, एकदा त्याच्या हातातल्या चिंध्यांकडे, आणि मग दारात फडकं बांधून बसलेल्या जावेकडे. भट्टीबाईंनी मान ताठ ठेवली. संपलं, त्यांच्या मनात आलं. हिला आयुष्यभरात एवढी सोन्यासारखी संधी मिळायची नाही. सातवा मजला, गोड बोलणारी सून, हातात आणून दिलेला चहा. मी तिच्या जागी असते तर सोडलं असतं का? मुळीच नाही.

"फुलली होती की," धाकटी म्हणाली. "रात्रभर घमघमाट. पहाटे उठून सगळी झाडून टाकली मी. शर्टांवर डाग पडतात."

"पण मला वास येत नाहीये, काकू."

"तू एवढ्या लांबून धूळ खात आलायस. तुझं नाक बसलंय. आधी तोंड धू."

मुलाचे खांदे सैल पडले. तो हसलाही जरासा. मग म्हणाला, "म्हणजे आईला खरंच त्रास होतोय. मी इतके दिवस टाळत होतो, माझंच चुकलं. कुंपण काढून भिंत घालू या. खर्च माझा. काकू, तुमची काही हरकत?"

आता धाकटीला काय म्हणता येणार होतं? साक्ष तिनेच दिली होती. तिने कुंतीच्या एका फांदीवरून हात फिरवला. "काढ," ती म्हणाली आणि आत गेली.

मुलगा झाडं तोडणाऱ्या माणसाला बुधवारी यायला सांगून गेला. फाटक लागल्याबरोबर भट्टीबाई खिंडाराशी उभ्या राहिल्या.

"अगं ए! खोटं का बोललीस?"

"तुमच्यासाठी नाही बोलले." धाकटीने मशीनवरून मानसुद्धा वर केली नाही. "तुम्ही गेलात की तो घर विकणार. मग पलीकडे कोण येईल, काय येईल, देवाला माहीत. तुम्ही निदान कशा आहात ते मला माहीत आहे."

"मला कोणाचे उपकार नकोत."

"करतंय कोण! लावल्यापासून पोटच्या पोरासारखी वाढवली मी ही कुंती. भावजींना आवडायची म्हणून त्यांच्या आजारपणात कधी फांदी तोडली नाही, अंगण अंधारलं तरी. ती तुमच्यापायी जायची आहे ना, जाऊ दे. पण यापुढे माझं नाक तुमच्या घरात येणार नाही. दूध जळो, पातेलं जळो, तुम्ही जळा. तुमचं तुम्ही बघा." आणि तिने मशीनचं पायडल असं दाबलं की पुढचं काही ऐकू येऊ नये.

जिंकल्या होत्या भट्टीबाई. सोमवारी त्या खुशीत होत्या, म्हणजे भांडी जरा जास्त आपटत होत्या. दुपारी पातेलं तळाशी काळं ठिक्कर पडलं. धूर डोळ्यांत गेला तेव्हा कळलं. पलीकडून कोणी हाक मारली नाही. मंगळवारी सकाळी इस्त्रीखाली एक उशीचा अभ्रा जळाला. पलीकडे मशीन चालू होतं, एकसारखं. इतकी वर्षं ज्या हाकांनी डोकं उठायचं, त्या आल्या नाहीत, आणि भट्टीबाई दर दोन मिनिटांनी उठून गॅस बघून येऊ लागल्या. "बरं झालं, कटकट गेली," त्या मोठ्याने म्हणाल्या. मशीन चालूच होतं.

मंगळवारी दुपारी त्यांनी दूध ठेवलं आणि समोरच उभ्या राहिल्या, हटणार नाही म्हणून. तेवढ्यात फाटकाशी कोणी पत्ता विचारायला आलं. त्याला चार शब्द सुनावून त्या परतल्या तर दूध ओट्यावर, गॅस विझलेला, बटण उघडं. त्यांनी बटण बंद केलं. खिडकी उघडली. ओटा पुसला. मग सवयीने काडेपेटी घेतली, काडी काढली, आणि हात तिथेच थांबला.

गॅस गेला होता की खोलीत भरलेला होता? फाटकाशी किती वेळ गेला? त्यांनी नाकाने जोरात श्वास ओढला. काही नाही. पुन्हा ओढला. गॅस असता तरी काही नाही, नसता तरी काही नाही. लाँड्रीत त्यांनी कसलीही चादर न कचरता उचलली होती, आणि आज स्वतःच्या स्वयंपाकघरात हातातली एक काडी त्यांना ओढवेना. अशा वेळी पलीकडून ओरडणं यायचं, "अहो थांबा, लावू नका एवढ्यात!" त्या तिला शिव्या द्यायच्या आणि थांबायच्या. दर वेळी थांबायच्या. त्या ओरडण्याच्या जिवावर आपण या घरात राहत होतो, हे त्यांना त्या क्षणी कळलं, आणि त्यांना इतका राग आला, इतका राग आला, की डोळ्यांत पाणी उभं राहिलं.

त्या खिंडाराशी गेल्या. काडेपेटी मुठीत.

"अगं ए."

मशीन चालू.

"अगं, ऐकतेस का? इकडे ये जरा. गॅस... बघ जरा, आहे का."

मशीन थांबलं. फांद्या हलल्या. धाकटी खिंडारातून आली, त्यांच्याकडे न बघता दारात उभी राहिली आणि तिने नुसता एक श्वास घेतला.

"काडेपेटी द्या इकडे," ती म्हणाली. आत जाऊन तिने मागचं दार उघडलं, सिलिंडर बंद केला आणि पायरीवर येऊन बसली. "एवढ्यात काही लावायचं नाही. मी सांगेन तेव्हा." मग जरा वेळाने, "पातेलं घासताना चिंच लावा त्याला. किती काळं केलंय. लाज आणलीत."

"माझं पातेलं, मी बघीन."

"बघितलंत ते दिसतंय."

दोघी पायरीवर बसल्या, पाठ एकमेकींकडे करून. वारा येत होता. धाकटीने सांगेपर्यंत भट्टीबाई उठल्या नाहीत.

बुधवारी झाडं तोडणारा करवत घेऊन आला. भट्टीबाई फाटकातच उभ्या होत्या. "कुंपणाला हात लावलास तर तंगडं मोडीन," त्यांनी सांगितलं. तो बिचारा मुलाचं नाव सांगू लागला. "त्याचंही मोडीन. चल नीघ."

दुपारी मुलाचा फोन आला. "आई, हे काय? डोकं दुखतं ना तुझं?"

"दुखतं. दुखू दे. भिंत घातली की ती बाई पलीकडे काय करते ते मला दिसणार कसं? तिच्यावर लक्ष कोण ठेवणार, तू?"

मुलाने फोनवर लांब श्वास सोडला. आई ठणठणीत आहे, एवढी तरी त्याची खात्री पटली.

कात्री त्यांनी टाकली नाही. त्या आठवड्यात त्यांनी आपली बाजू नेहमीसारखी भादरली, आणि पलीकडून नेहमीसारखी तक्रार आली. फक्त खिंडाराच्या कडेच्या फांद्या त्यांनी जरा जास्त मागे छाटल्या, माणूस सहज जाईल इतक्या. ते कोणी विचारलं असतं तर त्यांनी त्याची खैर ठेवली नसती.

पुढे मुलगा पुन्हा यायचा झाला. त्या दिवशी सकाळी चष्मा लावून, फडकं हातात घेऊन भट्टीबाई खिंडाराशी उभ्या राहिल्या.

"अगं ए."

"काय आहे?"

"फुललीय का?"

"तुम्हाला काय करायचंय?"

"विचारलं तेवढं सांग ना."

मशीन थांबलं. पलीकडे कोणीतरी श्वास घेतला. "फुललीय. भरभरून."

भट्टीबाईंनी फडकं कपाळाला बांधलं आणि गाठ घट्ट केली.

"मग दुखतंय माझं डोकं," त्या म्हणाल्या, आणि मुलाची वाट बघत दारात जाऊन बसल्या.